धातूच्या भागांतील तड्यांची खोली मोजणारे हातातले इलेक्ट्रॉनिक गेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गेज नेमके काय मोजते?

गेज तड्याची खोली थेट मोजत नाही. ते मोजते विभवांतर, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधला व्होल्टेजचा फरक, आणि त्यावरून खोलीचा हिशेब करते. प्रोबच्या, म्हणजे धातूवर टेकवायच्या पिना असलेल्या दांड्याच्या, बाहेरच्या दोन पिनांमधून धातूत ठरावीक विद्युतप्रवाह सोडला जातो आणि आतल्या दोन पिनांमध्ये किती विभवांतर निर्माण झाले ते पाहिले जाते. धातू निकोप असेल तर प्रवाह एका पिनेकडून दुसऱ्या पिनेकडे जवळच्या वाटेने जातो. मध्ये तडा असेल तर त्याला तड्याच्या एका भिंतीवरून खाली उतरून, तळाला वळसा घालून, दुसऱ्या भिंतीवरून वर यावे लागते. वाट लांबली की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, रोध वाढला की विभवांतर वाढते, आणि या वाढीचे खोलीत रूपांतर करून गेज पडद्यावर मिलिमीटरमध्ये आकडा दाखवते.

पुढच्या बहुतेक सर्व उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे. पडद्यावर दिसणारा आकडा हा प्रवाहाच्या वाटेचा हिशेब असतो. ही वाट मध्येच कुठे आखूड झाली, तर खोलीही तेवढीच कमी दिसते आणि यंत्र त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

तड्याची लांबी तर डोळ्यांना दिसते. मग खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला?

भाग टिकेल की तुटेल हे बहुतेक वेळा खोली ठरवते, म्हणून. तड्याच्या टोकाशी ताणाची जी तीव्रता निर्माण होते, ती तड्याच्या मापाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. लांब पण उथळ तड्यात हे माप म्हणजे खोली. खोली दुप्पट झाली तर, भार तोच राहूनही, ही तीव्रता साधारण १.४ पट होते. थकव्यामुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भारामुळे, वाढणाऱ्या तड्याचा वेग या तीव्रतेच्या एका घाताच्या प्रमाणात बदलतो आणि पोलादासाठी त्याचा घातांक सुमारे ३ धरला जातो. म्हणजे दुप्पट खोलीचा तडा भाराच्या प्रत्येक आवर्तनात जवळजवळ २.८ पट वेगाने वाढतो. शिवाय भिंतीची किती जाडी शिल्लक आहे, तडा घासून काढता येईल की भाग बदलावा लागेल, पुढची तपासणी किती काळाने करावी, या सर्व प्रश्नांची उत्तरे खोलीवर अवलंबून असतात. पृष्ठभागावर ४० मिलिमीटर लांब दिसणारा तडा १ मिलिमीटर खोल असू शकतो किंवा १५ मिलिमीटरही. नुसते बघून ते कळत नाही.

या गेजने तडा शोधता येतो का?

येत नाही. तडा आधी द्रवभेदक तपासणीने म्हणजे डाय पेनिट्रंटने, चुंबकीय कणांनी किंवा एडी करंटने, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करून, शोधावा, त्याची दिशा आणि दोन्ही टोके पृष्ठभागावर खुणेने दाखवावीत आणि त्यानंतरच गेज हाती घ्यावे. धातूच्या पोटात असलेला, पृष्ठभागापर्यंत न आलेला दोष हे गेज मोजत नाही.

दोनऐवजी चार पिना कशासाठी?

पिन आणि धातू जिथे टेकतात तिथला संपर्करोध हा खुद्द धातूच्या रोधाच्या कित्येक पट असतो आणि तो हाताच्या दाबागणिक बदलतो. दोनच पिनांनी प्रवाह सोडला आणि त्यांच्यावरच विभवांतर मोजले, तर गेज धातूऐवजी प्रामुख्याने हा संपर्करोध मोजत बसेल. विभवांतरासाठी स्वतंत्र पिना ठेवल्या आणि त्यांतून जवळजवळ काहीच प्रवाह घेतला नाही, तर संपर्करोधाचा परिणाम मापनात उतरत नाही. सूक्ष्म रोध मोजण्याची ही चार जोडण्यांची पद्धत लॉर्ड केल्व्हिन यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे.

किती लहान राशी मोजायची असते याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. एका रेषेत ५ मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या चार पिनांमधून जाड पोलादात १ अँपिअर एकदिश प्रवाह (डीसी) सोडला, तर निकोप भागावर आतल्या पिनांमध्ये जेमतेम ५ ते ६ मायक्रोव्होल्ट मिळतात. पिन आणि पोलाद हे दोन वेगळे धातू असल्याने, त्यांच्या दोन सांध्यांच्या तापमानात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी काही मायक्रोव्होल्टचे औष्णिक विभवांतर आपोआप तयार होते, म्हणजे जवळपास मूळ संकेताएवढेच. एकदिश प्रवाहाची चांगली गेज प्रवाहाची दिशा पुन्हा पुन्हा उलटवून दोन्ही रीडिंगच्या फरकाचा हिशेब करतात, ते या कारणाने. दिशा उलटली की खरे विभवांतर उलटते, औष्णिक विभवांतर मात्र तसेच राहते आणि वजाबाकीत निघून जाते.

पडद्यावरचा आकडा कोणत्या सूत्रातून येतो?

प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) वापरणाऱ्या पद्धतीत, प्रवाह पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून समान घनतेने वाहत असेल आणि तडा लांब असेल, तर सूत्र अगदी साधे आहे. तड्यावरच्या विभवांतराला निकोप भागावरच्या विभवांतराने भागावे, भागाकारातून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येला आतल्या दोन पिनांमधील अंतराच्या निम्म्याने गुणावे. उदाहरणार्थ, पिनांमधील अंतर १० मिलिमीटर, निकोप भागावरचे रीडिंग २०० एकके आणि तड्यावरचे ४४० एकके असेल, तर भागाकार २.२ येतो, १ वजा केल्यावर १.२ उरतो आणि ५ ने गुणल्यावर खोली ६ मिलिमीटर मिळते. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागची वाट डोळ्यांसमोर आणावी : निकोप भागात १० मिलिमीटरची वाट होती, तड्यामुळे ती ६ खाली आणि ६ वर अशी १२ मिलिमीटरने वाढून २२ झाली.

एकदिश प्रवाहात, तसेच चारही पिना एकाच छोट्या प्रोबमध्ये असतात तेव्हा, प्रवाह समान पसरत नाही. त्यामुळे ही सरळ रेषा लागू पडत नाही आणि विभवांतरावरून खोली सांगणारा, उत्पादकाने ठरवलेला वक्र यंत्रात साठवलेला असतो. एकदिश प्रवाहाच्या प्रोबची आणखी एक मर्यादा अशी की, तड्याची खोली पिनांमधील अंतराच्या काही पटींहून अधिक झाली की विभवांतराची वाढ मंदावते आणि वक्र सपाट होत जातो. त्या भागात विभवांतरातल्या किरकोळ चुकीने खोलीत मोठी चूक होते, म्हणून खोल तड्यासाठी जास्त अंतराचा प्रोब वापरतात.

एकदिश प्रवाह बरा की प्रत्यावर्ती?

धातू कोणता आणि भागाची जाडी किती, यावर ते ठरते. प्रत्यावर्ती प्रवाह पृष्ठभागालगत राहतो. हा थर किती जाड असेल ते धातूची रोधकता, त्याची चुंबकीय पार्यता (चुंबकीय क्षेत्र धातूत किती सहज उभे राहते ते) आणि प्रवाहाची वारंवारता या तीन गोष्टींवर अवलंबून असते. ५ किलोहर्ट्झला साध्या पोलादात, सापेक्ष पार्यता २०० धरली तर, हा थर सुमारे ०.२ मिलिमीटर येतो. ॲल्युमिनियममध्ये तो १.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे ६ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूत ९ मिलिमीटरच्या वर.

याचा अर्थ असा की, साध्या पोलादात काही मिलिमीटर खोलीचा तडा या थराच्या कित्येक पट खोल असतो, प्रवाह त्याच्या भिंतींना धरून चालतो आणि वर दिलेले सूत्र छान लागू पडते. तेच यंत्र, तीच वारंवारता स्टेनलेस स्टीलच्या ३ मिलिमीटरच्या तड्यावर वापरली तर थरच तड्यापेक्षा जाड असतो. प्रवाह भिंतीला चिकटून न राहता तड्याखालून सरळ निघून जातो आणि खोली कमी दिसते. अशा धातूंसाठी एकतर वारंवारता वाढवावी लागते किंवा वेगळा वक्र वापरावा लागतो.

एकदिश प्रवाहाला चुंबकीय पार्यतेशी देणेघेणे नसते, हा त्याचा मोठा गुण. पोलादाची पार्यता उष्णतासंस्कार, अंतर्गत ताण, उरलेले चुंबकत्व, वेल्डशेजारचा उष्णताबाधित पट्टा (वेल्डिंगच्या उष्णतेने बदललेला धातू) अशा अनेक कारणांनी जागोजाग बदलते आणि प्रत्यावर्ती पद्धतीत प्रत्येक बदल खोलीतला बदल म्हणून समोर येऊ शकतो. उलट एकदिश प्रवाह संपूर्ण जाडीत पसरत असल्याने पातळ भागात त्याचे रीडिंग जाडीवरही अवलंबून राहते. माझे मत विचाराल तर, एकसारख्या पोलादाच्या जाड भागांवर प्रत्यावर्ती पद्धत जलद आणि सोयीची आहे. वेल्डशेजारी, किंवा वेगवेगळ्या मिश्रधातूंवर काम करायचे असेल, तर दिशा उलटवणारी एकदिश पद्धत अधिक विश्वासाची वाटते.

ही पद्धत कोणकोणत्या धातूंवर चालते?

वीज वाहून नेणाऱ्या सर्व धातूंवर : पोलाद, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, तांबे, टायटॅनियम, निकेलचे मिश्रधातू. तांब्यासारख्या उत्तम वाहकात संकेत फार लहान मिळतो, एवढे लक्षात ठेवावे. ओतीव लोखंडातही मोजणी होते, परंतु तिथे ग्रॅफाइटच्या वितरणामुळे निकोप भागावरचेच रीडिंग वरखाली होते. त्यामुळे एकाऐवजी बऱ्याच ठिकाणी निकोप रीडिंग घेऊन त्यांतला फरक किती आहे ते आधी पाहावे.

मोजण्यापूर्वी पृष्ठभागाची तयारी कशी करावी?

रंग, गंज, ऑक्साइडचा पापुद्रा, ग्रीस हे सर्व काढून पिना टेकतील तिथे उघडा धातू दिसला पाहिजे. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे : तड्यावर जोरात ग्राइंडर फिरवू नये. ग्राइंडिंगने मऊ धातू तड्याच्या तोंडावर लिंपला जातो, तड्याचे दोन्ही ओठ विजेच्या दृष्टीने जोडले जातात आणि ७ मिलिमीटरचा तडा ३ मिलिमीटरचा दिसू शकतो. बारीक एमरी कापड किंवा हाताने चालवायचा तारेचा ब्रश पुरेसा होतो. तारेच्या ब्रशनेही ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू लिंपला जातो, म्हणून तिथे रासायनिक रंगनाशक बरे.

चुंबकीय कणांची तपासणी आधी झाली असेल तर लोहकण तड्यात अडकून राहतात. ते विद्रावकाने धुऊन काढावेत आणि भागाचे चुंबकत्वही उतरवावे, कारण प्रत्यावर्ती पद्धतीत उरलेले चुंबकत्व पार्यता बदलते. तड्यात पाणी किंवा मिठाचा ओलावा असेल तर त्याची वाहकता धातूच्या मानाने नगण्य असते, त्यामुळे मोजणी बिघडत नाही. तरीही पिनांचा संपर्क चांगला राहावा म्हणून भाग कोरडा करावा.

प्रत्यक्ष मोजणीचा क्रम काय असावा?

प्रथम निकोप भागावर रीडिंग घ्यावे. निकोप भाग म्हणजे भागावरची कोणतीही सोयीची जागा नव्हे. ती जागा तड्याच्या शक्य तितक्या जवळ, त्याच धातूची, त्याच जाडीची, त्याच वक्रतेची आणि काठापासून तेवढ्याच अंतरावर असली पाहिजे. प्रोबची दिशाही तड्यावर जशी असणार तशीच ठेवावी, कारण लाटलेल्या पत्र्यात रोलिंगच्या दिशेने आणि आडव्या दिशेने रीडिंग थोडे वेगळे येऊ शकते. या ठिकाणी प्रोब उचलून पुन्हा टेकवत निदान पाच रीडिंग घ्यावीत. त्यांच्यातला फरक हाच त्या दिवशीच्या, त्या पृष्ठभागावरच्या मोजणीचा खरा खालचा पल्ला होय; त्याहून उथळ तडा मोजल्याचा दावा करू नये.

त्यानंतर प्रोब तड्यावर असा ठेवावा की पिनांची रेषा तड्याला काटकोनात येईल आणि तडा आतल्या दोन पिनांच्या बरोबर मध्ये राहील. प्रोब तिरका ठेवला तर प्रवाहाचा काही भाग तड्याला समांतर जातो आणि रीडिंग उतरते. पिना एकसारख्या दाबाने टेकवून आकडा स्थिर होऊ द्यावा. मग तड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ५ किंवा १० मिलिमीटरच्या पायऱ्यांनी जात प्रत्येक ठिकाणी मोजावे. सर्वांत खोल जागा बहुधा मधोमध असते, पण तसे गृहीत धरून एकाच ठिकाणी मोजून थांबणे चुकीचे आहे. वेल्डच्या काठावर अनेक छोटे तडे वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होऊन पुढे एकत्र येतात आणि त्यांचा तळ दातेरी असतो.

प्रत्यावर्ती यंत्रात प्रोबच्या तारा कशा पडल्या आहेत याचाही परिणाम होतो. तारांच्या वेढ्यात प्रेरित होणारे विभवांतर संकेतात मिसळते, त्यामुळे निकोप भागावर आणि तड्यावर मोजताना तारांची मांडणी बदलू नये.

भाग कापून पाहिला तेव्हा तडा गेजने सांगितल्यापेक्षा बराच खोल निघाला. असे का होते?

या पद्धतीबद्दलची ही सर्वांत महत्त्वाची तक्रार आहे आणि ती बहुतेक वेळा खरी असते. प्रवाहाला तड्याच्या तळापर्यंत जाण्याची गरज पडली नाही की खोली कमी दिसते, आणि तशी गरज न पडण्याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण म्हणजे तड्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असणे. थकव्याचा तडा फार अरुंद असतो. भार काढून घेतला किंवा त्या जागी दाबाचा अंतर्गत ताण असला की भिंती मिटतात आणि जिथे उघडा धातू उघड्या धातूला भिडतो तिथून प्रवाह पलीकडे जातो. ताज्या तड्यात हे विशेष घडते. जुन्या, गंजलेल्या तड्यात भिंतींवरचा ऑक्साइडचा थर अडथळा बनून मोजणीला उलट मदतच करतो. शक्य असेल तिथे भाग ताणाखाली असताना, म्हणजे तडा उघडलेला असताना, मोजावे. ते शक्य नसेल तर अहवालात भार नव्हता असे स्पष्ट नोंदवावे.

दुसरे कारण तड्यातले पूल. तडा पुढे सरकताना मध्ये मध्ये धातूचे न तुटलेले धागे राहतात, किंवा ग्राइंडिंगने लिंपलेला धातू आणि अडकलेले लोहकण तसे पूल तयार करतात. गंजाच्या वातावरणात ताणामुळे पडणाऱ्या तड्यांना फांद्या फुटतात आणि त्यांत असे पूल भरपूर असतात. अशा तड्यांवर या गेजचा आकडा एकटा ग्राह्य धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कारण तड्याचा आकार. सूत्र असे गृहीत धरते की तडा दोन्ही बाजूंना लांबवर गेला आहे आणि प्रवाहाला खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही. तड्याची लांबी खोलीच्या दुप्पटच असेल, म्हणजे तो अर्धवर्तुळाकार असेल, तर बराच प्रवाह खाली न जाता दोन्ही टोकांना वळसा घालून निघून जातो. जमिनीतल्या चराला ओलांडायचे असेल तेव्हा माणूसही खाली उतरण्याऐवजी कडेने फिरून जातो, तसेच हे. लांबी खोलीच्या अनेक पट असेल तेव्हाच साधा आकडा जवळपास बरोबर असतो, एरवी लांबी देऊन दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. काही यंत्रे लांबी विचारून हा हिशेब स्वतः करतात. पण आपल्या यंत्रात तशी सोय आहे की नाही, हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

या सर्व चुका एकाच दिशेने, म्हणजे कमी दाखवण्याकडे जातात आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हीच वाईट दिशा आहे. म्हणूनच ‘गेजने ४ मिलिमीटर दाखवले’ याचा अर्थ ‘तडा निदान ४ मिलिमीटर खोल आहे’ असा घ्यावा.

म्हणजे गेज कधीच जास्त खोली दाखवत नाही का?

दाखवते. भागाच्या काठाजवळ किंवा पातळ भागावर प्रवाहाला पसरायला जागा कमी मिळते, विभवांतर वाढते आणि तडा नसतानाही खोली दिसू लागते. निकोप रीडिंग त्याच परिस्थितीत घेतले असेल तर ही चूक बरीचशी निघून जाते. पार्यता जास्त असलेला पट्टाही प्रत्यावर्ती पद्धतीत खोटी खोली देतो. तिसरी शक्यता तिरक्या तड्याची, तिचा विचार खाली केला आहे.

तडा तिरका असेल तर?

साध्या पोलादावर प्रत्यावर्ती प्रवाह तड्याच्या भिंतीला धरून चालतो, म्हणून मिळणारा आकडा हा भिंतीवरून मोजलेले अंतर असतो. तडा पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून ६ मिलिमीटर आत गेला असेल, तर गेज ६ दाखवेल, परंतु पृष्ठभागापासून सरळ खाली खोली सुमारे ४.२ मिलिमीटरच असेल. उरलेली जाडी काढताना दुसरा आकडा लागतो, घासून काढायच्या धातूचा अंदाज घेताना दोन्ही. चार पिनांच्या साध्या प्रोबने तड्याचा कोन कळत नाही. तो अल्ट्रासॉनिकने शोधावा किंवा त्याच जातीच्या भागांतील तडे पूर्वी कापून पाहिले असतील तर त्या अनुभवावरून धरावा.

वेल्डच्या काठावरच्या तड्यावर मोजताना काय वेगळे करावे?

तेथे तड्याच्या एका बाजूला मूळ पत्रा आणि दुसऱ्या बाजूला वेल्डचा धातू असतो, मध्ये उष्णताबाधित पट्टा. तिन्हींची रोधकता आणि पार्यता निरनिराळी असते, शिवाय वेल्डची टोपी उंच असल्याने पिना एका पातळीत टेकत नाहीत. यावर चांगला उपाय असा की, निकोप रीडिंगही त्याच वेल्डच्या काठावर, तडा संपतो त्याच्या पुढे, प्रोब तसाच वेल्डवर आडवा ठेवून घ्यावे. स्प्रिंगच्या पिनांचा प्रोब येथे उपयोगी पडतो. उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांच्या पाण्याखालच्या वेल्डसारख्या ठिकाणी प्रत्येक वेळी रंग खरवडून पिना टेकवणे जिकिरीचे होते, आणि पुढे या पद्धतीतूनच पृष्ठभागाला न टेकता प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी पद्धत विकसित झाली. रंग काढणे शक्यच नसेल, तर ती किंवा एडी करंट पद्धत पाहावी. चार पिनांचे गेज रंगावरून चालत नाही.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्र पडताळायच्या, तुकड्यावर आकडा बरोबर येतो. तेवढे पुरेसे आहे का?

ते आवश्यक आहे, पुरेसे नाही. या तुकड्यावर ठिणगीच्या यंत्राने किंवा करवतीने कापलेल्या ठरावीक खोलीच्या खाचा असतात. खाचेच्या भिंती एकमेकींना कधीच टेकत नाहीत, तिच्यात पूल नसतात, ती सरळ आणि तुकड्याच्या पूर्ण रुंदीची असते. म्हणून खाचेवर बरोबर आलेला आकडा एवढेच सांगतो की यंत्र आणि प्रोब ठीक आहेत. खऱ्या तड्यावर ते किती चुकते हे जाणून घेण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे त्याच प्रकारचा टाकाऊ भाग मिळवून, आधी गेजने मोजून, मग तो तड्यावर फोडून किंवा कापून पाहणे. तुकडा तपासायच्या भागाच्याच धातूचा असावा, हेही ओघाने आलेच.

अचूकता किती धरावी?

यंत्राच्या पत्रकावरची अचूकता खाचेवरची असते. आपल्या कामासाठी हिशेब असा करावा : पिनांमधील अंतर १० मिलिमीटर असताना विभवांतराच्या गुणोत्तरात २ टक्के चूक झाली तर उथळ तड्यावर खोलीत ०.१ मिलिमीटरची, तर ६ मिलिमीटरच्या तड्यावर ०.२ मिलिमीटरहून थोडी अधिक चूक होते. तेच अंतर ३० मिलिमीटर केले की उथळ तड्यावरची चूक ०.३ मिलिमीटर होते. म्हणून उथळ तड्याला जवळच्या पिनांचा प्रोब चांगला. मात्र भिंती मिटल्याने किंवा पुलांमुळे होणारी चूक या सर्वांपेक्षा कितीतरी मोठी असू शकते, त्यामुळे दशांशानंतरच्या दुसऱ्या अंकावर चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

तापमानाचा परिणाम होतो का?

होतो. लोखंडाची रोधकता दर अंश सेल्सिअसला साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते. सकाळी थंड भागावर निकोप रीडिंग घेतले आणि दुपारी १० अंशांनी तापलेल्या भागावर तडा मोजला, तर एकदिश पद्धतीत गुणोत्तर सुमारे ५ टक्क्यांनी फुगते. दोन्ही रीडिंग लागोपाठ घेतली की हा परिणाम भागाकारात निघून जातो.

अल्ट्रासॉनिक असताना हे गेज का वापरावे?

दोन्हींची कामे थोडी वेगळी आहेत. तड्याच्या टोकावरून विवर्तित झालेल्या, म्हणजे वळून पसरलेल्या, ध्वनिलहरीच्या वेळेवरून खोली काढण्याची पद्धत जाड भागांतील खोल तड्यांसाठी उत्तम आहे आणि तिला तड्यातले विजेचे पूल बाधत नाहीत. पण पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरांत तिची दृष्टी अंधुक होते, कारण पृष्ठभागावरून सरळ येणारी लहर तड्याच्या संकेतावर पडते. चार पिनांचे गेज नेमके त्याच उथळ भागात उपयोगी पडते, लहान असते, एका हाताने धरता येते आणि भरड कणांच्या ओतीव स्टेनलेस स्टीलमध्ये, जिथे ध्वनिलहरी विखुरतात, तिथेही चालते. महत्त्वाच्या भागावर दोन्हींनी मोजावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढू नये. मोठा आकडा धरावा आणि फरकाचे कारण शोधावे.

तडा घासून काढताना गेजची मदत होते का?

चांगली मदत होते. घासण्याआधी खोली मोजली की तडा निघून गेल्यावर पुरेशी जाडी उरेल का, याचा निर्णय आधीच घेता येतो. घासताना थोड्या थोड्या वेळाने थांबून, पृष्ठभाग साफ करून, उरलेली खोली पाहावी. मात्र खळगा जसजसा खोल आणि अरुंद होतो तसा प्रोब नीट बसत नाही. शेवटी गेजने शून्य दाखवले म्हणून तडा संपला असे मानू नये. त्याच्या पल्ल्याखालचा उथळ तडा उरलेला असू शकतो. शेवटची खात्री डाय पेनिट्रंटने किंवा चुंबकीय कणांनीच करावी.

तड्याची वाढ महिनोन्‌महिने पाहत राहायची असेल तर?

प्रोब दर वेळी थोडा वेगळ्या जागी टेकतो, ही येथली मुख्य अडचण आहे. म्हणून जागा पंचने खूण करून ठरवाव्यात, पण ताणाच्या भागात तड्याच्या टोकाजवळ पंच मारू नये. दीर्घकाळ लक्ष ठेवायचे असेल तर पिनांऐवजी बारीक तारा कायमच्या जोडून ठेवणे अधिक विश्वासार्ह असते. प्रयोगशाळेत तड्याच्या वाढीचा वेग मोजताना हीच पद्धत वापरतात आणि एएसटीएम ई ६४७ या मानकात तिची रीत दिलेली आहे.

यंत्रामुळे भागाला किंवा वापरणाऱ्याला काही धोका आहे का?

व्होल्टेज अगदी कमी असल्याने धक्का बसण्याचा प्रश्न नाही. भागावर पिनांचे बारीक ठसे उठतात. पॉलिश केलेल्या, थकव्याला नाजूक पृष्ठभागावर याचा आधी विचार करावा. ज्वलनशील वायू असण्याची शक्यता असलेल्या जागी, यंत्र तशा जागेसाठी प्रमाणित नसेल तर वापरू नये, कारण पिन उचलताना ठिणगी पडू शकते.

मोजणी कोणी करावी आणि आकड्यावरून निर्णय कोणी घ्यावा?

गेज चालवणे सोपे आहे, म्हणून ते कोणाच्याही हाती देण्याचा मोह होतो. मोजणारा माणूस विनाशरहित चाचणीत, म्हणजे भाग न तोडता तपासण्यात, प्रशिक्षित असावा. अशा व्यक्तींच्या पात्रतेसाठी आयएसओ ९७१२ हे मानक आहे. भाग वापरात ठेवायचा की नाही, हा निर्णय मात्र मोजणाऱ्याचा नव्हे. त्यासाठी बीएस ७९१० किंवा एपीआय ५७९ यांसारख्या, दोष असलेला भाग वापरण्याजोगा आहे का हे ठरवणाऱ्या मानकांनुसार ताण, धातूचा चिवटपणा आणि तड्याचा आकार यांचा एकत्र हिशेब करावा लागतो आणि त्या हिशेबात गेजचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह घालावा लागतो.

अहवालात काय काय नोंदवावे?

खोलीच्या एका आकड्याने अहवाल पुरा होत नाही. भागाचा धातू आणि मोजलेल्या जागेची जाडी, यंत्र आणि प्रोबचा क्रमांक, पिनांमधील अंतर, प्रवाह एकदिश की प्रत्यावर्ती आणि त्याची वारंवारता, कॅलिब्रेशनच्या तुकड्यावरची रीडिंग, निकोप रीडिंग कुठे घेतले आणि त्यात किती फरक होता, तड्यावरच्या प्रत्येक ठिकाणचे मूळ विभवांतर, लांबीसाठी दुरुस्ती केली की नाही, मोजताना भागावर भार होता का आणि तापमान किती होते, हे सर्व लिहावे. मूळ विभवांतर लिहिण्याचा आग्रह अशासाठी की, पुढे कोणाला वेगळा वक्र किंवा वेगळा गुणक लावून पुन्हा हिशेब करायचा झाला, तर नुसत्या मिलिमीटरच्या आकड्यावरून तो करता येत नाही.